फोनला कळतं, ते आपल्यालाही कळायला हवं

नवा मोबाइल घरात आला की काय होतं बघा. खोकं फोडतो मुलगा. सिमकार्ड घालतो मुलगा, नाही तर पुतण्या. स्क्रीनवर एकामागून एक प्रश्न येत असतात, 'अलाऊ? अलाऊ?' आणि तो पटापट 'हो, हो' करत पुढे जातो. दहा मिनिटांत फोन तयार होऊन आईच्या हातात. "घे आई, सगळं करून दिलंय. तू फक्त व्हॉट्सॲप बघ." आई खूश. लेकानं केवढं केलं माझ्यासाठी! पण त्या दहा मिनिटांत आईच्या नावानं कुणाकुणाला काय काय परवानग्या दिल्या गेल्या, हे ना त्या लेकाला ठाऊक, ना आईला.

आता कुकरचं उदाहरण घ्या. घरात नवा कुकर आला तर तो असा कुणी दुसऱ्यानं 'लावून' दिलेला आपण वापरतो का? रिंग नीट बसली का, शिटीच्या भोकात भाताचं शित अडकलं का, सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे आहे, हे सगळं आपण आधी बघतो. सून घरात आली की पहिल्या आठवड्यात तिलाही सांगतो, "आमच्या कुकरची चौथी शिटी जरा उशिरा होते हं." कारण कुकर बिघडला तर भाजणार आपला हात, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. मग बारा-पंधरा हजारांचा फोन, जो दिवसरात्र आपल्या उशाशी असतो, त्याच्या बाबतीतच आपण 'मला बाई त्यातलं काही कळत नाही' असं का म्हणतो? आणि ते म्हणताना थोडं कौतुकानंच का म्हणतो?

मैत्रिणींनो, आज मला फोनच्या ज्ञानेंद्रियांबद्दल बोलायचंय. इंग्रजीत त्यांना सेन्सर म्हणतात. सिनेमाला कात्री लावणारा सेन्सॉर वेगळा, हा सेन्सर म्हणजे जाणून घेणारा. आपल्याला डोळे, कान, त्वचा. तसे फोनलाही उजेड, हालचाल, दिशा, आवाज आणि स्पर्श ओळखणारे बारीक बारीक भाग असतात. स्वस्त फोनमध्ये त्यातले एखाद-दोन कमी, महागात जास्त. पण अगदी साध्या स्मार्टफोनलाही पाच-सहा तरी असतातच. ते काय काम करतात हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

सगळ्यात सोपा घ्या. फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते. हे काम बऱ्याच फोनमध्ये ऐकायच्या छिद्राजवळचा एक छोटा सेन्सर करतो. तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो. तो प्रकाश गालावर आपटून परत आला की 'काहीतरी जवळ आलंय' एवढं त्याला समजतं, मग तो स्क्रीन बंद करतो, म्हणजे गालानं भलतंच बटण दाबलं जाऊ नये. बोलून झालं तरी स्क्रीन काळीच राहते अशी तक्रार पुष्कळ जणी करतात. अशा वेळी दुकानात धावण्याआधी वरची काच पुसून बघा. पिठाचा हात लागलेला असतो, नाही तर वर लावलेल्या संरक्षक काचेनं त्याचा डोळा झाकलेला असतो.

त्याच्याच शेजारी उजेड मोजणारा सेन्सर असतो. उन्हात गेलं की स्क्रीन उजळते, अंधारात मंद होते, ते याच्यामुळे. उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास जातं, वाचायला साधारण तीनशे ते पाचशे लक्स चांगले मानतात. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं 'फायफॉक्स' नावाचं एक मोफत ॲप बनवलंय. त्यात आपल्या फोनमधले सेन्सर काय मोजताहेत ते आकड्यांत दिसतं. अँड्रॉइड फोन असेल तर ते उघडून मुलीच्या अभ्यासाच्या वहीवर फोन ठेवा. आकडा अगदी काटेकोर नसतो, पण उजेड साठ आहे की चारशे, एवढं नक्की कळतं. दिवाबत्तीच्या वेळी मुलं कुठल्या कोपऱ्यात बसतात, याचा विचार त्या आकड्यानं तरी होईल.

आता हालचाल ओळखणारा. याचं नाव ॲक्सेलरोमीटर. नाव अवघड, काम सोपं. सिलिकॉनच्या चकतीवर केसाहून बारीक दातांचे दोन कंगवे एकमेकांत अडकवल्यासारखे असतात. एक पक्का, दुसरा नाजूक स्प्रिंगवर लटकलेला. फोन हलला की लटकलेला कंगवा सरकतो, दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्यावरून हालचाल मोजली जाते. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ते यानंच. पृथ्वी खाली ओढते ते त्याला सतत जाणवत असतं, म्हणून 'खाली' कुठे हे त्याला नेहमी माहीत असतं. त्याचाच उपयोग करून फोन गवंड्याच्या पाणसळीचंही काम करतो. वॉशिंग मशीन थडथड उडतंय? फोनमधलं पातळी दाखवणारं ॲप उघडा, फोन मशीनवर सपाट ठेवा. कुठल्या पायाखाली पुठ्ठा सरकवायचा ते लगेच दिसतं. भिंतीवर फळी ठोकतानाही तेच.

पावलं मोजतो तोही हाच. आणि इथे मला जरा थांबायचंय. संध्याकाळी नवरा शर्टाच्या खिशातून फोन काढून सांगतो, "आज माझी सात हजार पावलं झाली." आपल्या फोनवर बघावं तर आठशे. म्हणजे आपण दिवसभर बसूनच होतो की काय? अहो, फोन होता ओट्यावरच्या डब्याशेजारी! साडीला खिसा नाही, गाउनला नाही, पुष्कळशा पंजाबी ड्रेसलाही नाही. पाणी भरलं, गच्चीवर वाळवण घातलं, दळण आणलं, चार वेळा जिना चढलो. फोन आपला जागच्या जागी. सेन्सर खोटं बोलत नाही, पण जे त्याच्याजवळ घडत नाही ते त्याच्या लेखी घडलेलंच नसतं. २०२४च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८, असं दिसलं. पावणेपाच तासांपेक्षा जास्त. ही मिनिटं खिशातल्या फोनला कशी कळणार? तेव्हा पावलांचा आकडा बघून स्वतःला आळशी ठरवू नका. दहा हजारांचा तो प्रसिद्ध आकडा तरी कुठून आला? १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं, तिथून तो रूढ झाला. यंत्र मोजतं, अर्थ आपण लावायचा.

दिशेचं तसंच. फोनमधलं होकायंत्र म्हणजे चुंबकत्व ओळखणारा सेन्सर. पृथ्वीचं चुंबकत्व अगदी क्षीण असतं, त्यामुळे जवळपास लोखंड किंवा चुंबक असला की हा बिचारा गोंधळतो. हल्ली देवघर कुठे, ओटा कुठे, हे फोन हातात धरून ठरवतात. ज्याची त्याची श्रद्धा. पण लोखंडी कपाटाशेजारी उभं राहून, चुंबकाचं झाकण असलेल्या कव्हरसकट फोन धरला तर ईशान्य कुठेही निघेल. त्या ईशान्येसाठी कुणी भिंत पाडायला निघालं, तर आधी कव्हर काढायला सांगा आणि अंगणात जाऊन बघायला सांगा. त्याआधी फोन हातात घेऊन हवेत इंग्रजी आठचा आकडा काढायचा. आपला मराठी ८ नव्हे. एकमेकांना चिकटलेली दोन वाटोळी असतात तो. त्यानं होकायंत्र ताळ्यावर येतं. याच सेन्सरवर चालणारी 'धातू शोधा' अशी ॲपही आहेत. ती लोखंड शोधतील. सोनं चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे हरवलेली नथ शोधायला मोलकरणीवर संशय घेण्याइतकंच ते ॲपही निरुपयोगी.

आता जीपीएस, म्हणजे आपण कुठे आहोत ते सांगणारा. याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. 'उपग्रह आपल्याला बघतो' असं पुष्कळ जणींना वाटतं. उपग्रह काही बघत नाही. वीस हजार किलोमीटरवरून तो फक्त 'मी इथे आहे, आत्ता इतके वाजले' असा पुकारा करत असतो. आपला फोन निदान चार उपग्रहांचे पुकारे ऐकतो, कुणाचा किती उशिरा पोचला यावरून हिशेब करतो आणि स्वतःची जागा काढतो. म्हणजे फोन इथे ऐकणारा आहे, बोलणारा नाही. इंटरनेट नसलं तरी हे चालतं. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर रेंज नसलेल्या घाटातही रस्ता दिसतो. आपली जागा दुसऱ्याला कळते ती पुढच्या पायरीवर, फोनमधलं एखादं ॲप इंटरनेटवरून ती पाठवतं तेव्हा. आणि ती पायरी आपल्या परवानगीनं ठरते. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

संकटात ही जागा कळणं फार मोलाचं. सरकारनं २०१६ साली नियम केला की १ जानेवारी २०१७पासून विकायच्या प्रत्येक फोनमध्ये आणीबाणीचं बटण हवं. साध्या बटणांच्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनमध्ये चालू-बंद करायचं बटण भराभर तीनदा दाबायचं. ११२ला फोन जातो. काही नव्या फोनमध्ये पाच वेळा दाबावं लागतं. तुमच्या फोनमध्ये किती वेळा, ते आजच सेटिंग्जमध्ये 'इमर्जन्सी' या नावाखाली बघून ठेवा. उगाच दाबून बघू नका, खरोखर फोन लागतो. किती तरी मुली संध्याकाळच्या क्लासवरून एकट्या येतात. त्यांच्या फोनमध्ये हे आहे, हे त्यांना कुणी सांगितलंय का?

बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर तर रोजचाच. भांडी, कपडे, शेतातलं काम, यानं बोटांच्या रेषा झिजतात. 'माझं बोटच घेत नाही' असं म्हणून पुष्कळ जणी फोनला कुलूपच लावत नाहीत. त्यावर उपाय आहे. कमी वापरातल्या हाताचं बोट द्या, एकच बोट दोनदा नोंदवा, हात कोरडा करून लावा. पण नुसत्या बोटावर भिस्त नको. नोव्हेंबर २०१७मध्ये दोह्याहून बालीला निघालेल्या विमानात एका बाईनं झोपलेल्या नवऱ्याचं बोट लावून त्याचा फोन उघडला. आत जे दिसलं त्यावरून इतकं भांडण पेटलं की विमान चेन्नईला उतरवावं लागलं! गंमत सोडा, पण झोपलेल्या माणसाचं बोट 'हो' म्हणतं. डोक्यातला आकडा म्हणत नाही. म्हणून आकड्याचं कुलूपही माहीत असू द्या, आणि ते फक्त तुम्हालाच.

फोनला काय कळत नाही, हेही सांगायला हवं. कॅमेऱ्यावर बोट ठेवलं आणि दिवा लावला की नाडीचे ठोके बऱ्यापैकी मोजता येतात, कारण प्रत्येक ठोक्याला बोटातलं रक्त वाढतं आणि लाल छटा किंचित बदलते. पण साधा फोन एवढ्यावरून रक्तदाब किंवा साखर मोजू शकत नाही. करोनाच्या काळात, २०२०मध्ये, फोननं ऑक्सिजन मोजून देतो म्हणणारी ॲप फिरत होती. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 'सायबर दोस्त'नं तेव्हा सावध केलं होतं की अशी खोटी ॲप फोनमधली माहिती चोरू शकतात. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर यंत्र आणा, नाही तर दवाखान्यात जा. फोनवर विसंबून गोळी कमी-जास्त करू नका.

हे सेन्सर एकेकटे लहान, पण लाखोंनी एकत्र आले तर काय होतं बघा. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट. गणपती विसर्जनाला गेले, लोक गाढ झोपलेले, आणि किल्लारीची जमीन हलली. हजारो माणसं झोपेतच गेली. तेव्हा कुणाच्या हातात असा फोन नव्हता. आज रात्री चार्जिंगला लावलेला, निश्चल पडलेला अँड्रॉइड फोन छोट्या भूकंपमापकाचं काम करू शकतो. त्यातला तोच हालचालीचा सेन्सर धक्का टिपतो. एका भागातल्या पुष्कळ फोननी एकदम टिपला की हा भूकंप आहे हे ओळखून लांबच्या फोनना इशारा जातो. जमिनीतल्या लाटांपेक्षा इंटरनेटचा निरोप वेगानं धावतो, म्हणून काही सेकंद हाती लागतात. गूगलनं ही सोय भारतात सप्टेंबर २०२३मध्ये, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या सल्ल्यानं सुरू केली. केंद्राच्या अगदी जवळ असलेल्यांना ती वेळेवर पोचेलच असं नाही. पण थोडं लांब असणाऱ्यांना पलंगाखाली शिरायला, मूल उचलायला तेवढे क्षण मिळू शकतात. लातूर, धाराशिव, कोयना भागातल्या मैत्रिणींनी सेटिंग्जमध्ये भूकंपाचे इशारे चालू आहेत का ते जरूर बघावं.

एवढे गुण गायल्यावर दुसरी बाजूही सांगते. हेच ज्ञानेंद्रिय तुमची बातमी दुसऱ्याला देऊ शकतं. २०१३ साली अमेरिकेत एक टॉर्चचं ॲप पकडलं गेलं. कोट्यवधी लोकांनी घेतलेलं. काम काय, तर दिवा लावायचं. आणि ते गुपचूप लोकांची जागा जाहिरातवाल्यांना पाठवत होतं. दिव्याला कशाला हवा तुमचा पत्ता? २०१८च्या जानेवारीत तर आणखी नवल झालं. धावणाऱ्या-चालणाऱ्यांचे मार्ग टिपणाऱ्या 'स्ट्राव्हा' या ॲपनं आधीच प्रसिद्ध केलेल्या जगभरच्या नकाशात सैनिकांच्या व्यायामाच्या फेऱ्यांवरून लष्करी तळ उजळून दिसायला लागले. सैन्याचं गुपित जिथे पावलांनी फुटतं, तिथे आपलं रोजचं जाणं-येणं ते काय! २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की फोन किती वळला हे मोजणाऱ्या जायरोस्कोप या सेन्सरला बोलण्यानं होणारी बारीक थरथरही जाणवते, आणि त्यावरून काही शब्दांचा अंदाजही बांधता येतो. घाबरवण्यासाठी नाही सांगत. पण 'फोनला काय कळतंय' असं म्हणून सोडून देण्याइतका तो भोळा नाही.

परक्या देशातलं कशाला, नागपूरचंच घ्या. २०२०च्या सुमारास नागपूरसह काही शहरांतल्या सफाई कामगारांच्या मनगटावर महापालिकांनी जीपीएसची घड्याळं बांधल्याच्या बातम्या आल्या. कामावर कोण किती वेळ, हे ऑफिसात बसून कळावं म्हणून. त्यात बायकाही होत्या. कुणी आपल्याला सतत बघतंय, ऐकतंय, या भीतीनं स्वच्छतागृहात जातानाही जीव धास्तावतो, असं त्यांतल्या काहींनी बोलून दाखवलं. घड्याळात नक्की काय काय आहे, हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितलंच नव्हतं. माझं म्हणणं नेमकं इथे आहे. मोजायला हरकत नसते, पण जिला मोजायचं तिला आधी सांगायला नको?

आणि आता घरातलं बोलू, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. "सुनेच्या फोनवर लोकेशन चालू करून ठेवलंय, काळजी वाटते ना." "मुलगी कॉलेजला जाते, कुठे आहे ते बाबांना फोनवर दिसतं." अशी वाक्यं आता गावोगाव ऐकू येतात. काळजी खरी असते, मी नाही म्हणत नाही. म्हातारे सासरे पहाटे फिरायला जातात, विसरभोळे झालेत, त्यांची जागा कळणं चांगलंच. पण काळजी आणि पाळत यांत फरक आहे, आणि तो ओळखायला तीन प्रश्न पुरतात. जिची जागा दिसते तिला ते माहीत आहे का? तिला ते हवं तेव्हा बंद करता येतं का, आणि बंद केलं तर घरात वादळ होतं का? आणि ज्याला तिची जागा दिसते, त्याची जागा तिला दिसते का? तिन्हींची उत्तरं मोकळी असतील तर ती काळजी. नसतील तर तिला दुसरं नाव द्यायची हिंमत आपण केली पाहिजे. मुलगी म्हणून, सून म्हणून, आणि सासू म्हणूनही. कारण पुष्कळदा ते चालू करायला सांगणाऱ्या आपणच असतो.

"आपल्याला काय लपवायचंय?" असं कुणी विचारलं तर काय सांगाल? न्हाणीघराला कडी असते. आत काही वाईट चाललेलं असतं म्हणून नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाले, आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. त्यात म्हटलंय की माहिती घेणाऱ्यानं कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्यायची, आणि दिलेली संमती परत घेता आली पाहिजे. पण एक मेख आहे. माणूस वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी जी माहिती वापरतो, तिला हा कायदा लागू नाही. पाळत फारच वाढली, इंटरनेटवरच्या वावरावर पुरुष नजर ठेवून छळू लागला, तर भारतीय न्याय संहितेचं ७८ वं कलम आहे, तो गुन्हा आहे. पण त्याच्या अलीकडचं सगळं, रोजचं, हसतखेळत होणारं 'दे गं तुझा फोन जरा', तिथे कायदा येत नाही. तिथे आपल्यालाच उभं राहावं लागतं.

उभं राहायचं म्हणजे काय, भांडण नव्हे. अर्धा तास काढायचा. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' असं असतं, त्यात 'परमिशन मॅनेजर'. तिथे जागा, कॅमेरा, माइक अशी नावं दिसतील. एकेकावर बोट ठेवा. कुठकुठल्या ॲपला ती परवानगी आहे याची यादीच येते. प्रत्येकाला स्वयंपाकघरातला प्रश्न विचारा: 'तुला हे कशाला लागतं रे?' नकाशाला जागा लागते, बरोबर. पाककृतीच्या ॲपला माइक कशाला? कॅलेंडरला कॅमेरा कशाला? नको असेल तिथे नकार द्या. लागत असेल तिथे 'फक्त वापरताना' एवढंच द्या. चुकून जास्त बंद झालं तरी बिघडत नाही, ॲप स्वतःच परत मागतं. अँड्रॉइडच्या २०२१ नंतरच्या फोनवर कॅमेरा किंवा माइक चालू असला की वर कोपऱ्यात हिरवी खूण येते. तुम्ही फोटो काढत नाही, बोलत नाही, आणि ती दिसली तर कुठलं ॲप आहे ते बघा.

मग गूगल मॅपमध्ये वर आपल्या फोटोवर बोट ठेवून 'लोकेशन शेअरिंग' उघडा. कुणाला आपली जागा दिसते ते तिथे कळतं. व्हॉट्सॲपच्या 'प्रायव्हसी'त 'लाइव्ह लोकेशन' असतं तेही बघा. रात्रीच्या प्रवासात व्हॉट्सॲपची ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास, आपणच ठरवायचं. वेळ संपली की आपोआप बंद. काळजीला मुदत असली की ती पाळत होत नाही.

एक गोष्ट मात्र जपून. घरात मारहाण, धाक असेल तर अचानक सगळं बंद करू नका. त्यानं धोका वाढू शकतो. आधी विश्वासातल्या कुणाशी, शक्यतो दुसऱ्या फोनवरून, बोला. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

"आम्हाला नाही बाई जमायचं हे", असं अजूनही कुणी म्हणेल. ज्यांनी बचत गटाची बँकेची वहीखातं सांभाळलं, ज्या अंगणवाडी सेविका मुलांची वजनं-उंची फोनवर भरतात, ज्या शिलाई मशीनचा ताण नुसत्या आवाजावरून ओळखतात, त्यांना चार बटणं जमणार नाहीत? यंदाच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं म्हणून प्लास्टिकचे डबे शोधत फिरतोच ना आपण. त्याऐवजी एक दुपार सगळ्या जणींनी आपापले फोन घेऊन बसावं. जिला येतं तिनं शेजारणीला दाखवावं. मुलाला, पुतण्याला जरूर बोलवावं, पण फोन आपल्याच हातात ठेवावा आणि त्याला म्हणावं, "तू नुसतं सांग. दाबते मी."